लोणावळ्याची गिटारवाली मंडळं

गडाची सावली अजून गावावर होती तेव्हाच मी तिकोणा पेठेतून निघालो. पाठीला घोंगडीत गुंडाळलेला पखवाज, हातात पिशवी. पिशवीत एक नारळ, सुपारी आणि फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या दोन भाकरी. भात झोडून झालं होतं, खळं रिकामं होतं आणि घरात मी एकटा. सांगून निघावं असं कोणी नव्हतं. कडी घातली आणि चालू लागलो.

पखवाज देऊन टाकायला निघालो होतो. कारण आधीच सांगतो, म्हणजे मागाहून कुणी विचारायला नको. श्रावणात माझी बायको गजरा वारली. तीन दिवस ताप होता. सोमवार आला, देवळात भजन होतं. ती म्हणाली, "जावा तुमी. हितं बसून काय माझा ताप मोजणार?" मी गेलो. भजन उरकून घरी आलो तर ती गेलेली. माणूस मरत होतं आणि मी पखवाज बडवत बसलो होतो. त्या दिवसापासून त्याला हात लावला नाही. कोपऱ्यात दिसला की पाठ फिरवायचो. लोणावळ्याला मेव्हणीचा मुलगा दामू असतो, वायरमनचं काम करतो. त्यांच्या रेल्वेच्या चाळीतलं भजनी मंडळ ढोलकीवर कसंबसं भागवतं. त्याला निरोप धाडला, पखवाज घे. त्याचा उलट निरोप आला, रविवारी या.

देवळापाशी बाळूबुवा भेटले. हे आमच्या मंडळात पुढे उभं राहून गातात. पाठीवरचं गाठोडं बघून त्यांना कळलं.

"धोंडूभाऊ, एकादशी आठ दिसावर आली."

"ठावं हाय."

"पखवाज दिलात तर आमी काय तोंडानं धिनधिन करायचं?"

"करा."

म्हटलं आणि पुढे चालू लागलो. थांबलो असतो तर भांडण झालं असतं.

धरणाच्या कॉलनीपर्यंत पायी. डाव्या हाताला पवनेचं पाणी पसरलेलं, त्यावर धुकं. त्या पाण्याखाली माझ्या सासऱ्याचं शेत आहे. गजरा तिथनं जाताना मान वळवून चालायची. मीही तसाच चाललो. कॉलनीत येष्टी उभी होती. मी गाठोडं मांडीवर घेऊन बसलो तर कंडक्टर म्हणाला, "आबा, पोरगं हाय का आत? अर्धं तिकीट लागंल."

"पोरगं न्हाई. पखवाज हाय."

"मग वाजवा की, रस्ता सरंल."

बाकीचे हसले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. सहा महिन्यांपूर्वी मी त्याला वाजवून दाखवला असता, कामशेतपर्यंत.

कामशेतला स्टेशनाबाहेर चहा घेतला, एक भाकरी खाल्ली. कोरडी भाकरी चहात बुडवून खाताना बघून चहावाल्याने न विचारता लसणाची चटणी पुढे सरकवली. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. पुणे-लोणावळा पॅसेंजर आली. डब्यात भाजीच्या पाट्या, दुधाच्या किटल्या, सगळी गर्दी दारातच. मळवलीला ट्रेकवाली मंडळी उतरली तशी बसायला जागा झाली. एका अंगाला लोहगड-विसापूर, दुसऱ्या अंगाला कार्ल्याचा डोंगर. हे दोन्ही मी शंभरदा बघितलेत, पण गाडीतून बघताना ते चालत असल्यासारखे वाटतात आणि आपण बसून.

लोणावळ्याला उतरलो तर फलाटावर एक हमाल डोक्यावर मोठा गोल पेटारा घेऊन चाललेला. त्याच्या बाजूने एक लांब केसांचा, गळाबंद स्वेटर घातलेला माणूस हात वर धरून पळत होता, पेटारा पडलाच तर झेलायला. आत काय आहे ते मला लगेच कळलं. चामड्याचं वाद्य ज्याचं असतं तोच असा चालतो. त्याने माझं गाठोडं बघितलं.

"अंकल, ड्रम?"

"पखवाज."

"सेम टू सेम," तो म्हणाला आणि हसला. एवढं इंग्रजी मला समजतं.

दामू एका आरोग्यभुवनात काम करतो. आरोग्यभुवन म्हणजे मुंबईची दमेकरी आणि पैसेवाली माणसं हवा खायला येऊन राहतात ते. मोठं आवार, सुरूची झाडं, मध्ये एक लांबट हॉल. दामू शिडीवर चढून वायरी जोडत होता.

"आबा, आलात व्हय! बसा. मला सांजेपोतर काम हाय. आज हितं तीन मंडळं वाजवणार हायत, पाळीपाळीनं. तुमी ऐका, मग घरी जाऊन काय ते करू."

तीन मंडळं पाळीपाळीने म्हटल्यावर मला वाटलं चक्री भजन असणार (एक मंडळ गातं, दुसरं त्याला उत्तर देतं, सारी रात चालतं). आमच्या खोऱ्यात अशी किती ऐकली आणि किती वाजवली. मी मागच्या रांगेत खुर्ची घेतली, पखवाज पायांत धरला आणि निकाल देणारे पंच कुठे बसलेत ते शोधू लागलो. पंच काही दिसेनात. साठेक माणसं होती, शालीतल्या म्हाताऱ्या, टाय लावलेले बाप्ये, कॉलेजची पोरंपोरी. देवाची तसबीर नाही, समई नाही. म्हटलं, शहरातली तऱ्हा असेल.

माझ्या शेजारी एक तरुण बाई लोकर विणत बसली होती. कानात कापसाचे बोळे.

"कान दुखतात का?" मी विचारलं.

तिने एक बोळा काढला. "नाही हो आजोबा. थोड्या वेळाने तुमचे दुखतील. हवाय का कापूस?"

नको म्हणालो. नको म्हणायला नको होतं.

पहिलं मंडळ पुण्याच्या कॉलेजातल्या चौघांचं. तिघांच्या गळ्यात गिटार (सतारीच्या कुळातलं वाद्य, पण वायरीने भोंग्याला जोडलेलं). चौथा ढोल आणि झांजा मांडून मध्ये बसला. सुरू झाले आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. माझ्या मांडीशी धरलेला पखवाज घोंगडीच्या आत आपोआप गुणगुणायला लागला. चामडं चामड्याचं ऐकतं, त्याला आपण काय करणार. मी हात ठेवून त्याला गप्प केलं.

त्यांचं मला फारसं पटलं नाही. पोरं हुशार, बोटं चपळ, पण चौघे एकमेकांकडे न बघता आपापलं वाजवत होते. भजनात असं झालं की बुवा टाळाने पाठीत हाणतात. तरी शेवटचं एक गाणं चांगलं झालं आणि मी मान डोलावली.

दुसरं मंडळ खडकीचं, दोघे भाऊ आणि त्यांचा दोस्त. मी वाट बघत होतो की आता पहिल्यांच्या सवालाला हे जवाब देणार. थोरला भाऊ पुढे येऊन काही बोलला. मी बाईंना विचारलं, "हा जवाब देतोय का?"

"जवाब? नाही. तो म्हणतोय, ही गाणी आमची आम्ही केलेली आहेत. रेकॉर्डवरची नाहीत."

"मग पहिल्यांना कोण उत्तर देणार?"

ती हसली. "कोणी कोणाला उत्तर देत नाही आजोबा. इथे जो तो आपलं सांगून जातो."

तेव्हा मला कळलं की हे चक्री भजन नव्हे. जरा खट्टू झालो. पण उठून जाणार कुठे.

आणि बरं झालं बसलो. त्या भावांनी एक संथ गाणं धरलं. धाकटा नुसता दोन बोटांनी तारा छेडत होता, पाण्याच्या कडेला कुणी उगीच दगड टाकत बसावं तसं. शब्द एक समजला नाही. पण गाणारा शेवटच्या ओळीवर आला की आवाज खाली घ्यायचा आणि धाकटा तिथेच थांबायचा, त्याला वाट द्यायचा. घरातली माणसं एकत्र वाजवतात तेव्हाच असं होतं. पलीकडून एक टायवाला ओरडला, रेकॉर्डवरचं म्हणा म्हणून. मी वळलो.

"गप बसा की. त्यांनी आपलं आपण जोडलंय, ऐकून तर घ्या."

"तुम्हाला काय समजतंय त्यातलं, बाबा?"

"न्हाई समजत. म्हणून तर गप बसलोय."

पुढच्या रांगेतली पोरं फिदीफिदी हसली.

मग चहा झाला. पावाच्या तुकड्यांत काकडी आणि हिरवी चटणी घालून दिली होती. मी चार खाल्ले, भाकरीपेक्षा पोट हलकं राहतं.

तिसरं मंडळ मुंबईचं. मोठ्या ढोलावर लाल कोंबडा रंगवलेला आणि मागे बसला होता स्टेशनावरचा तोच लांब केसांचा. बाईंची विणायची सुई थांबली.

"तुमचे हे?" मी विचारलं.

"हो, टोनी. दोन वर्षं झाली लग्नाला."

"आणि कानात बोळे घालून बसता?"

"रोज घरात तेच ऐकते ना. गाणी मी ऐकतच नाही आता. फक्त त्याचा पाय ऐकते. तो मोठा ढोल पायाने वाजतो ना, तो बोळ्यातूनही कळतो." मग जरा वेळ ऐकून म्हणाली, "बघा, आज जड आहे. सकाळी गाडीत भांडलो आम्ही."

ती परत विणू लागली.

या कोंबडेवाल्यांचं सांगायचं तर, असं वाजवणं मी पूर्वी ऐकलं नव्हतं. पाच जण, पण बाकीचे चौघे टोनीकडे कान लावून. तो दोन हात आणि दोन पाय चारी दिशांना चालवत होता आणि तरी मधोमध सरळ बसलेला, डोकं हलत नव्हतं. मी चाळीस वर्षं पखवाज वाजवला. मला दोन हातांत जमवायला दहा वर्षं गेली. त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर कडाड असा आवाज झाला आणि भोंगे बंद. दामूचं कनेक्शन जळालं होतं. गिटारी मुक्या झाल्या. नुसत्या तारांचं किरकिर ऐकू यायला लागलं. गाणाऱ्याच्या हातातला माइक मेला. दामू शिव्या देत तारांकडे धावला. लोक कुजबुजायला लागले, टायवाला तर उठलासुद्धा.

टोनी थांबला नाही.

त्याने बाकीच्यांकडे एकदा बघितलं आणि वाजवत राहिला. आवाज कमी केला, एवढा कमी की लोकांना गप्प बसावंच लागलं. नुसत्या काठीच्या टोकाने. मग हळूहळू वर चढवत नेला. मी नकळत मांडीवर मात्रा मोजत होतो. शेजारच्या बाईंनी दोन्ही कानांतले बोळे काढले आणि मांडीवर ठेवले.

"का काढले?" मी हळूच विचारलं.

"आता एकटा आहे तो," ती म्हणाली. "आता ऐकायला पाहिजे." आणि थोड्या वेळाने, "गेला राग. पाय हलका झाला बघा."

मला तो पाय आधीचा कसा होता आणि आता कसा आहे ते काहीच कळलं नाही. चाळीस वर्षं वाजवणाऱ्याला कळलं नाही, आणि लोकर विणणाऱ्या बाईला कळलं.

आमचं घर देवळाच्या पाठीमागे वीस पावलांवर आहे. गजरा भजनाला येऊन कधी बसली नाही. म्हणायची, मला काम हाय. घरी आलो की भाकरी वाढताना सांगायची, "आज मधीच कुणावर चिडलावता?" नाहीतर, "आज शेवटाला लय घाई केली, भूक लागली व्हती जणू." मला राग यायचा. म्हणायचो, तुला काय समजतंय, आलीस का कधी ऐकायला? ती दुसरी भाकरी वाढायची. मी आयुष्यभर समजत आलो की ती टोमणे मारते. ती ऐकत होती, हे मला त्या हॉलमध्ये, त्या परक्या बाईशेजारी बसून कळलं. जड डोक्याचा माणूस मी, आत उशिरा शिरतं.

तेवढ्यात दामूने वायर जोडली. भोंग्यांनी एकदा भक् केलं. टोनीने मान वर केली, दोन ठोके दिले, आणि पाची जण समेवर एकदम आले, केसभरही इकडेतिकडे नाही. हॉलमधली सगळी माणसं उभी राहिली. मीही उभा राहिलो. डोळे पुसायला रुमाल सापडत नव्हता.

गाणी संपली, लोक टाळ्या वाजवून उठू लागले. मला ते बघवेना. आमच्याकडे वाजवणाऱ्याला असं कोरडं जाऊ देत नाहीत. ज्याने मैफल सांभाळली त्याच्या पुढे बसलेल्यांपैकी वडील माणूस उठतो आणि हातात नारळ देतो. मी इकडेतिकडे बघितलं. तिथे बाप्यांत सगळ्यांत वडील मीच दिसत होतो. पिशवीतला नारळ काढला, पुढे गेलो आणि टोनीच्या घामेजल्या हातांत ठेवला.

त्याने नारळाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. "शुभा, व्हॉट डू आय डू?"

"कपाळाला लाव," ती म्हणाली.

त्याने लावला. मग वाकून माझ्या पायांना हात लावला. ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

परत येऊन बसलो तेव्हा माझ्या लक्षात आलं की काय केलंय. वाद्य रिकाम्या हाताने देत नाहीत. ज्याला द्यायचं त्याच्या हातात आधी नारळ, मग वाद्य. तसं नसेल तर ते दिलं असं कुणी धरत नाही. मी पखवाजाचा नारळ देऊन बसलो होतो.

दामू हात पुसत आला. "चला आबा, घरी. आई वाट बघतीया. तिनं पाट मांडून ठिवलाय."

"दामू, नारळ दिला मी त्या ढोलवाल्याला."

"मंग? बाजारात नारळाला काय तोटा हाय? जाताजाता घेऊ एक."

खरं होतं त्याचं. दुकानं उघडी होती. मी पखवाजावर हात ठेवून उभा राहिलो.

"न्हाई देत," मी म्हणालो.

"आबा!" दामूचं तोंड उतरलं. "चाळीत सगळ्यांना सांगून बसलोय मी. वडीलधारी माणसं अशी शबुद फिरवत्यात व्हय?"

"फिरवत्यात. मी फिरवला. लोकांना सांग, म्हातारा चळला." तो खाली बघायला लागला. त्याचं काही चुकलं नव्हतं, म्हणून म्हणालो, "दर पंधरवड्याला रविवारी पेठंत ये. शिकवतो. हात आला की तुझ्यासाठी नवा करून घिऊ."

तो लगेच कबूल झाला नाही. पण मला स्टेशनापर्यंत सोडायला आला आणि गाठोडं त्यानेच उचललं. पूल चढताना म्हणाला, "लय जड हाय की वो." मी म्हणालो, "व्हय."

मेव्हणीकडे न जाता तसाच परतलो, ते वाईट केलं. तिने पाट मांडला होता. पुढच्या खेपेला शिव्या खाईन.

कामशेतला उतरलो तर शेवटची येष्टी सुटलेली. भाताचा पेंढा भरलेला एक ट्रक कॉलनीकडे चालला होता, त्यावर चढलो. पखवाज पेंढ्यात रुतवला आणि शेजारी आडवा झालो. सूर्य बुडाला होता पण आभाळात उजेड होता, खिंडीतून गार वारा येत होता. त्या पोरांची गाणी डोक्यात फिरत होती. शब्द नाहीत, नुसती चाल. परक्या भाषेतलं, परक्या वाद्यांचं, आपलं आपण जोडलेलं. तुमच्यापैकी कुणी लोणावळ्याला गेला आणि असल्या गिटारवाल्या मंडळांचा आवाज आला तर आत जा. मागे बसा, कान दुखतील, पण जा. त्यांच्यात एखादा तरी त्या टोनीसारखा निघतो.

आणि पडल्यापडल्या दुसरं एक डोक्यात फिरत होतं. त्या सोमवारी तिनेच मला धाडलं होतं. म्हणजे त्या दिवशीही ती ऐकत असणार. मी तिला एकटी टाकून गेलो असं धरून चाललो होतो, ते तेवढं खरं नव्हतं. पण कुठवर ऐकलं तिने, पहिल्या अभंगापर्यंत की शेवटच्या, ते मला कधीच कळायचं नाही. हे माझ्या जिवाला राहणार. त्याला इलाज नाही.

एकादशीला दिवेलागणीला पखवाज देवळात नेला. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा त्याला घुमारा येतो. भजन झालं की कणीक खरवडून टाकायची, पुढच्या खेपेला ताजी. गव्हाचं पीठ आमच्याकडे सणावारीच, पण गजरा त्यातलं मूठभर यासाठी वेगळं ठेवायची आणि चाळीस वर्षं तीच मळून द्यायची. मी मळलेली हाताला चिकटत होती. थापली, हात मारला. फुटक्या डब्यासारखा आवाज.

बाळूबुवा टाळ हातात धरून बघत होते. "पातळ झाली."

"दिसतंय मला."

"आमच्या घरनं आणू का मळून?"

"नको."

खरवडून काढली, पीठ वाढवून परत मळली. आता घट्ट झाली, चामड्याला धरेना. ती काढली. मंडळी ताटकळली होती. तिसऱ्यांदा मळली, थापली, बोटाने कडा दाबल्या आणि तळवा टाकला.

"झालं?" बुवांनी विचारलं.

"झालं. म्हणा आता."